आईचा रात्रीचा वर्ग: दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना फक्त माहिती हवीय त्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. वर्ग झेडपीच्या मराठी शाळेत भरतो, पाचवीच्या खोलीत, रात्री आठ ते साडेनऊ, रविवारी सुट्टी. फी काही नाही. पाटी-पेन्सिल तिथंच मिळते, वही आपली आपण न्यायची. वय पंधराच्या पुढे कितीही चालतं, आमच्या वर्गातली सगळ्यात मोठी आज्जी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शिकवणारी मुलगी गावातलीच, वडूजला कॉलेजात बीए करते, तिला याचा एक रुपया मिळत नाही. गाव खटाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या पोरीला आणि बायकांना उगाच कोणी शोधत यायला नको.

माझी आई या वर्गाला २०२३ च्या दिवाळीनंतर जायला लागली. तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. मी पुण्यात नोकरीला, गावाकडे आई, दादा, वहिनी आणि दादाचा मुलगा. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली.

आईला सही यायची. हे आधी सांगायला पाहिजे कारण ह्या सहीमुळेच आम्ही घरातले सगळे इतकी वर्षं गाफील राहिलो. बचत गट निघाला तेव्हा गटातल्या ताईंनी सगळ्यांना सही शिकवलेली, आईने ती घोटून घोटून पाठ केली, पण ती सही म्हणजे तिच्यासाठी रांगोळी होती, खरंच रांगोळी, कुठून सुरू करायचं, कुठं वळवायचं, शेवटी वर रेघ कशी मारायची, सगळं हाताला पाठ. मधलं एक अक्षर वेगळं काढून विचारलं की आई हे काय आहे गं, तर सांगता यायचं नाही. बँकेत अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे आलं की ती ते बाजूला सारायची आणि पेन मागायची, आणि आम्हाला वाटायचं चला, आईचं भागतंय.

भागत नव्हतं. हे मला २०२१ च्या दिवाळीत कळलं. घरी गेले होते, भात टाकायला म्हणून तांदळाच्या डब्यात हात घातला तर खाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद लागला. गावात आरोग्य शिबिर झालं होतं त्यातली चिठ्ठी, बॉलपेनने मराठीत लिहिलेली, की गर्भाशयाची पुढची तपासणी करून घ्यावी, सिव्हिलला दाखवावे. तारीख सात महिन्यांपूर्वीची. शिबिरात गर्दी होती, तोंडी काय सांगितलं ते आईला धड उमगलं नाही, कागदावर लिहिलंय सगळं, घरी वाचून घ्या म्हणाले. आता घरी वाचणारं कोण? दादा, नाहीतर त्याचा आठवीतला मुलगा. वहिनी तेव्हा माहेरी होती, तिच्या आईचं आजारपण चाललं होतं. कागद कुठल्या दुखण्याचा आहे एवढं आईला माहीत होतं, मग तो पोटच्या पोराला किंवा नातवाला वाच म्हणून द्यायचा कसा. शेजारी द्यावा तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला माहीत. म्हणून डब्यात. मी ओरडले तिच्यावर, फोन का नाही केलास म्हणून, तर म्हणाली, "फोनवर तरी काय सांगू गं, काय लिवलंय तेच म्हाईत न्हाय." दुसऱ्या दिवशी साताऱ्याला घेऊन गेले, गाठ होती, साधी निघाली, ऑपरेशन झालं, आज ठणठणीत आहे. पण ते सात महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्यामुळे साक्षरतेवर कोणी बोलायला लागलं की शिक्षणाने माणूस शहाणा होतो, तर मला ते पटत नाही. माझी आई शहाणी होतीच. चार एकर कोरडवाहूत तिने आमची शिक्षणं केली. तिला हवं होतं ते एवढंच की आपला कागद आपण वाचावा, मध्ये तिसरं माणूस नको. मी ह्या वर्गाचा रिव्ह्यू त्याच मापाने करतेय.

वर्ग उल्लासमधून सुरू झाला. उल्लास म्हणजे केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा पाच वर्षांचा, १०३७ कोटी ९० लाखांचा, देशभरात पाच कोटी लोकांना शिकवायचं म्हणून आखलेला. हा पूर्ण स्वयंसेवकांवर चालतो, शिकवणाऱ्याला मानधन नसतं. आमच्याकडे शाळेतले गुरुजी घरोघर फिरून नावं लिहून गेले, पुस्तिका आल्या आणि पुढे परीक्षा झाली. बाकी चटया, जादा बल्ब, कधीमधी चहा, हे सगळं गावाने जमवलं.

आई पहिल्यांदा जायला तयारच नव्हती. लाकडं मसणात गेली, आता मला कशाला पाटी, हेच तिचं पालुपद. मी फोनवर रोज मागे लागायचे, शेवटी वहिनी तिला हाताला धरून घेऊन गेली आणि पहिले आठ दिवस स्वतः शेजारी बसली. वहिनी दहावी झालेली आहे, तिला काही शिकायचं नव्हतं, नुसती सोबत म्हणून बसली. तिचं हे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितेय.

पहिल्या आठवड्यात शाळेतली पोरं खिडकीतून डोकावून हसायची, त्यात एकीचा सख्खा नातू, ती बाई पाटी पदराखाली लपवून बसली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तर शिकवणाऱ्या मुलीने काय केलं, घरून जुनं लुगडं आणून खिडकीला बांधलं. आणि त्या बाईच्या घरी जाऊन तिला परत घेऊन आली. मला विचाराल तर वर्ग टिकला तो त्या लुगड्यामुळे. वीस वर्षांच्या पोरीला हे सुचलं ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. ती सगळ्यांना काकू, आज्जी म्हणते, आणि त्या सगळ्या तिला बाई म्हणतात, तिच्या आजीच्या वयाच्या बायकासुद्धा, "बाई, माझं बघा की बरोबर हाय का."

शिकवायची पद्धत मला आवडली. अ अननसाचा, आ आईचा असं नाही केलं, गमभन पासून सुरू केलं, म्हणजे ज्यांचे आकार एकमेकांसारखे आहेत आणि हाताला सोपे जातात ती अक्षरं आधी. आणि प्रत्येकीला तिच्या नावातलं अक्षर पहिल्याच दिवशी दाखवलं. आईची रांगोळी तिने फळ्यावर काढली आणि मधे जागा सोडून तीन तुकडे केले. आई सांगते की तिला एकदम धस्स झालं, तीस वर्षं जे एक चित्र म्हणून काढत होती ते तीन वेगळे आवाज निघाले. त्या रात्री घरी येऊन तिने चुलीपुढच्या राखेत ती तीन अक्षरं वेगवेगळी काढून वहिनीला दाखवली आणि मग मला फोन लावून प्रत्येक अक्षराचा आवाज काढून दाखवला. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी झोपायला चालले होते, मग कसली झोप येतीय.

चष्म्याबद्दल सगळ्यांनी वाचा, हे फार महत्त्वाचं आहे. महिनाभर झाला तरी अर्ध्या बायकांना पुस्तिकेतलं वाचता येईना, फळ्यावरचं मात्र पटापट सांगायच्या. बाईला वाटलं आपलंच शिकवणं कमी पडतंय, बायकांना वाटलं आपल्या डोक्यात शिरत नाही, दोघी तिघी बंदच करायच्या बेतात. माझी आई त्यातलीच. मग मी संक्रांतीला गेले तेव्हा पाहिलं की ती पुस्तक हातभर लांब धरतेय. अहो डोळ्यांना दिसतच नव्हतं! चाळिशी पंचवीस वर्षांपूर्वीच लागलेली असणार, पण वाचायचंच नाही तर जवळचा चष्मा लागतोय हे कळणार कसं, सुईत दोरा नातू ओवून द्यायचा. वडूजला नेऊन डोळे तपासले, चष्मा केला, आणि त्या संध्याकाळी तिने पुस्तिकेचं सलग एक पान वाचलं. मग बाईने सगळ्यांनाच तपासून घ्यायला लावलं. तुमच्या गावात वर्ग काढणार असाल तर पाटीच्याही आधी डोळे तपासणीचं बघा, हात जोडून सांगते.

गणिताचं वेगळंच. ह्या बायकांना गणित आधीपासून येतं आणि आपल्यापेक्षा चांगलं येतं. आईला पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे पाठ आहेत, सातशे पस्तीस गुणिले दीड बोटांच्या पेरांवर सांगते, मला मोबाईल काढावा लागतो. येत नव्हतं ते फक्त लिहिणं. हातचा कागदावर कुठं मांडायचा ह्याने तिला फार छळलं, कारण डोक्यात हातचा नसतोच, डोक्यात आधी मोठी रक्कम धरायची आणि मग खाली येत जायचं असतं, आणि कागदावर उलटं, उजवीकडून सुरू करायचं. बाईला हे लक्षात आलं आणि तिने आधी तोंडी उत्तर काढायला लावून मग तेच कागदावर जुळतंय का ते बघायला शिकवलं. दुसरं तिने चांगलं केलं ते म्हणजे इंग्रजी आकडे. पुस्तिकेत आपले मराठी आकडे, पण फोनवर, एसटीच्या तिकिटावर, बँकेच्या पासबुकात, गॅसच्या पावतीवर सगळीकडे इंग्रजी. तिने पहिल्या दिवसापासून दोन्ही शेजारी शेजारी लिहिले. मराठी सात आणि इंग्रजी सहा ह्यांचा घोळ आईला अजून कधीकधी होतो.

आता बदल काय झाला, जो तुम्हाला वाचायचा असेल.

पहिलं एसटी. आमच्या फाट्यावर वडूजच्याही गाड्या थांबतात आणि दहिवडीच्याही. आई आयुष्यभर विचारत आली, "कुठं जाती ही गाडी, बाबा?" आणि दहातले दोघं तरी असे भेटतात की पाटी वाचायला येत नाही का म्हातारे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तशी ती जास्त फिरायला लागली होती, म्हणजे विचारावंही जास्त लागायचं. वर्गाला चार महिने झाल्यावर एकदा आम्ही दोघी फाट्यावर उभ्या होतो, गाडी लांबून दिसली आणि ही म्हणाली दहिवडी. मी म्हटलं कशावरून, अजून तर पाटी नीट दिसत पण नाही. तर म्हणाली, "वडूजमदी व पयला येतो, ह्याच्यात व मधी हाय, आन् त्येच्या म्होरं डीची वेलांटी बघ की." मी वडूज आणि दहिवडी ही नावं लहानपणापासून वाचतेय, दोन्हीत वड आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. तिला दिसलं कारण ती एकेक अक्षर ओळख पटवून घेत होती. गाडी आमच्यासमोरून गेली, आम्हाला वडूजला जायचं होतं, आणि ती माझ्याकडे न बघता नुसती पदर सारखा करत उभी राहिली. त्या दिवशी तिने कोणाला काही विचारलं नाही.

दुसरं दूध. आमच्याकडे एक गाय आहे, दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं, दहा दिवसांचं बिल निघतं. रोज माप झालं की चिठ्ठी येते, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), दर, रक्कम. पूर्वी चिठ्ठ्या आणायच्या आणि खिळ्याला अडकवायच्या, दादाला वेळ मिळाला तर बघायचा, मिळायचाच नाही. आई आता वहीत स्वतः लिहिते, तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर. गेल्या वर्षी एका बिलात एक सकाळ गायब होती. चार लिटर, अठ्ठावीसच्या दराने ११२ रुपये. तिने वही घेतली, बिल घेतलं, आणि एकटी गेली. तिथला माणूस म्हणाला आज्जी कॉम्प्युटरचं बिल आहे, चूक व्हायची नाही, तुमचा खाडा झाला असेल. तिने त्या सकाळची चिठ्ठी पुढे ठेवली आणि तारखेवर बोट ठेवून वाचून दाखवली. तिथं मागे रांगेत उभ्या असलेल्या बायांनी मला नंतर सांगितलं की आई अजिबात भांडली नाही, आवाजही चढवला नाही. पुढच्या बिलात रक्कम धरून आली. आणि मग काय झालं, त्या रांगेतल्या तीन बाया पुढच्या सोमवारी वर्गाला आल्या. घरोघर फिरून, समजावून जे झालं नव्हतं ते एका बिलाने झालं.

लाडकी बहीणचे पैसे आले की नाही हे पण ती आता पासबुक भरून घेऊन स्वतः बघते, कोणाकडून ऐकायला थांबत नाही. आणि फोन. आधी तिच्या फोनमध्ये माझ्या नावाला फूल, दादाला ट्रॅक्टर, मामाला घोडा अशी चित्रं लावून दिली होती मी. आता नावं आहेत. चित्रं तिने मला काढून टाकायला लावली.

परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली, रविवार होता, महाराष्ट्रभर एकाच दिवशी होती. दीडशे मार्कांची, वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. दिवसभरात आपल्या सोयीने येऊन तीन तासांत सोडवायची. आईने आदल्या रात्री पेन दोन घेतले, चष्मा पुसून ठेवला, पहाटे गाईचं सगळं आवरलं आणि इरकल नेसून निघाली, जी ती लग्नकार्याला नेसते. मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. शाळेच्या गेटपर्यंत सोडायला गेले, मला लहानपणी तिने सोडलं होतं त्याच गेटला. आत जाताना म्हणाली जा आता, हितं थांबू नको, मला सुचायचं न्हाय. पास झाली. सगळ्यात कमी लेखनात, जोडाक्षरांनी दगा दिला, "प्रकाश" आणि "कर्ज" ह्यातला र कुठं खाली जातो आणि कुठं डोक्यावर चढतो हे अजून तिला पक्कं नाही.

आता जे आवडलं नाही ते. परीक्षा मार्चमध्ये आणि आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे ज्वारीची सुगी. दिवसभर ज्वारी काढून, कणसं मोडून आलेली बाई रात्री आठला पाटी घेऊन बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे. जानेवारीत बावीस बायका होत्या, फेब्रुवारीच्या शेवटी नऊ. बाईने मग खळ्यावर जाऊन शिकवलं, दुपारच्या भाकरीच्या वेळी, पण ते तिच्या कॉलेजच्या वेळेत, किती दिवस जमणार. वर्गाचं वेळापत्रक गावच्या पिकाप्रमाणे ठरायला हवं, इकडे सुगी, ऊस पट्ट्यात तोडणी, कोकणात भात लावणी, हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरं, पुरुष येत नाहीत. यादीत सात नावं होती, आला एकच, तोही महिनाभर. गड्यामाणसाला बायकांच्या वर्गात बसायची लाज वाटते, त्यांच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी जागा काढून बघायला पाहिजे होतं, कोणी बघितलं नाही. ते अजून अंगठाच लावतायत, आणि अंगठा पण कसा, राबून रेषा झिजलेल्या, रेशनच्या मशीनवर तीन-तीनदा लावावा लागतो.

तिसरं, बँकेचा मेसेज इंग्रजीत, औषधाच्या पाकिटावरचं बारीक इंग्रजी. मराठी शिकून आई तिथं पुन्हा अडतेच. हा वर्गाचा दोष नाही म्हणा, पण शिकून बाहेर पडलेल्या बाईला पहिल्याच आठवड्यात भिंत लागते हे खरं आहे. बाई आता थोडे इंग्रजी शब्द ओळखायला शिकवतेय, क्रेडिट, डेबिट, डेट, एवढेच पाच-सहा. ते फार उपयोगी पडतायत.

आणि चौथं, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले. परीक्षेनंतर पुढे वाचायला काही नाही. ह्याची मला भीती वाटते आणि त्याला कारण आहे. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती, प्रौढांना शिकवायची, पुढे ती राज्यभर गेली. गावं ग्रामदैवतापुढे शपथ घ्यायची की गाव साक्षर करू, आणि झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. माझ्या आईचे वडील त्यात कंदिलाच्या उजेडात शिकले. आई सांगते, त्यांनी भिंतीवर कोळशाने स्वतःचं नाव लिहिलं होतं. पण घरात एक पुस्तक नाही, गावात पेपर येत नाही, पत्र कोणाचं येणार. दहा-बारा वर्षांत अक्षरं पुसली गेली, मी त्यांना बघितलं ते सोसायटीच्या कागदावर अंगठा लावतानाच. म्हणजे साक्षर झालेला माणूस परत निरक्षर झाला, आमच्याच घरात. आणि आईला त्यांनी शाळेत घातलं नाही, ती धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकरी बायका-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती, त्याला शंभरावर वर्षं उलटल्यावर ह्याच जिल्ह्यातली एक मुलगी भावाला कडेवर घेऊन शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहायची. भाऊ शिकला, मास्तर झाला. तिने हे कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, मला सांगताना पण भाकरी थापता थापता सांगितलं.

म्हणून शेजारच्या माण तालुक्यातलं उदाहरण मी वर्गात सांगून आले. म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी ही बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता, का, तर भागधारक बायकांचे अंगठे होते. त्या बायका घरी बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या आम्हाला व्याजाचा हिशेब घाला. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. हे ऐकून वर्गातली चौऱ्याहत्तरची आज्जी म्हणाली, "म्हसवडच्या बायका व्हय? माझी नणंद दिलीय तिकडं." टीव्हीवरचं कोणीतरी नाही, नणंदेच्या गावच्या बायका. पुढचे दोन दिवस वर्गात व्याजाचीच गणितं चालली.

ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगण्याला आजीबाईंची शाळा आहे, योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ ला सुरू केलेली, गुलाबी लुगडी नेसून जाणाऱ्या आज्यांचे फोटो तुम्ही बघितले असतील. आमच्या वर्गात युनिफॉर्म नाही पण मला त्या शाळेतली एक गोष्ट फार पटते, तिथं परीक्षेपुरतं नाही, शाळा आहे म्हणून रोज जायचं. आमच्याकडे तेच जमायला पाहिजे.

ते जमावं म्हणून सध्या आम्ही काय करतोय तर मी दर महिन्याला पुण्याहून जुने पेपर, दिवाळी अंक, मोठ्या टाइपातली पुस्तकं नेऊन वर्गाच्या खोलीत ठेवते. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं ह्या बायकांना आवडत नाहीत, ससा-कासवाचं काय करायचंय म्हणतात. त्यांना हवं असतं बाजारभाव, भांडणाच्या बातम्या, देवाच्या कथा, पाककृती, आणि नोटिसा. ग्रामपंचायतीची नोटीस बाई फळ्यावर उतरवून घेते आणि सगळ्या मिळून वाचतात. जानेवारीतल्या ग्रामसभेला त्यातल्या अकरा जणी गेल्या आणि पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा कागद मागून घेतला, तिथंच वाचला, सावकाश, एकेक ओळ, आणि सभा थांबून राहिली. कोणाला उशीर होतोय म्हणायची हिंमत झाली नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सुगीचा आणि पुढच्या पुस्तकांचा. त्या मुलीला वेगळे द्यायचे तर पाचच्या पाच, तिला बीए झाल्यावर कुठं नोकरी लागली आणि ती गाव सोडून गेली तर वर्गाचं काय होणार हा प्रश्न आहे, वहिनीने आत्तापासून तिच्याबरोबर जायला सुरुवात केलीय, आता फळ्यापुढे उभी राहते.

हे सगळं लिहून झाल्यावर आईला फोनवर पाठवलं, तिचं आहे तर तिने आधी वाचावं म्हणून. डब्यातल्या चिठ्ठीचं ठेवू का काढू असं पण विचारलं. तिला वाचायला दोन रात्री लागल्या. काल सकाळी तिचा मेसेज आला, स्वतः टाइप केलेला, तो जसाच्या तसा खाली देतेय आणि वर दुधाचा आकडा मी बदललेला नाही.

"चिटी राहूदे. दुध चार नाय साडेचार लिटर होत. १२६ रुपय."